पुढची चाकंही ओढणारी हवीत का?

ट्रॅक्टर घ्यायचा म्हटलं की पारावर दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, आता नुसती मागची चाकं ओढणारा टू-व्हील कोण घेतं? दुसरा म्हणतो, चारही चाकं ओढणाऱ्या फोर-व्हीलसाठी वरचे लाखभर रुपये कशाला घालवतोस, आमचा इतकी वर्षं टू-व्हीलवरच चाललाय. दोघंही खरं बोलतात, फक्त दोघांची माती वेगळी असते.

आधी एक गैरसमज बाजूला करू. ४५ एचपीचा ट्रॅक्टर फोर-व्हील झाला म्हणून ५० एचपीचा होत नाही. इंजिनाची ताकद तेवढीच राहते. ती जमिनीवर कितपत उतरते, एवढाच प्रश्न आहे. चाकाची ओढ दोन गोष्टींवर ठरते: त्यावरचं वजन आणि मातीची पकड. टू-व्हीलमध्ये पुढच्या एक्सलवरचं वजन ओढायच्या कामी येत नाही. उलट ती चाकं चिखलातून ढकलत नेण्यातच मागच्या चाकांची बरीच ओढ खर्च होते. फोर-व्हीलमध्ये तेच वजन कामाला लागतं.

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदारांना हे वेगळं सांगावं लागत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला की डाऊनी या बुरशीरोगाच्या भीतीने काही तासांत औषध मारावंच लागतं, वाफसा येईपर्यंत, म्हणजे रान चालण्याजोगं सुकेपर्यंत, थांबायची सोय नसते. ढोबळ आकडे धरून हिशेब करू. बागेतला छोटा ट्रॅक्टर ९०० किलोचा, त्यातले ५०० किलो मागच्या चाकांवर. मागे ओढायचा ब्लोअर, म्हणजे फवारणीचं यंत्र, ३०० किलोचा आणि त्याच्या टाकीत ६०० लिटर पाणी, दोन्ही मिळून आणखी ९०० किलो. ओल्या मातीत चाकाला वजनाच्या ३० टक्के पकड मिळते आणि नुसतं पुढे सरकायलाच वजनाच्या १५ टक्के ओढ लागते, असं समजा. टू-व्हीलची ओढ भरली १५० किलो. त्यातली १३५ ट्रॅक्टर स्वतःलाच पुढे न्यायला खर्च करतो, उरली १५. ब्लोअरला हवी १३५! चाक जागेवर फिरणार, दुसरं काय होणार? फोर-व्हीलला २७० मिळाली, स्वतःची १३५ वजा करून १३५ उरली. म्हणजे तोही जेमतेमच निघतो. शहाणा माणूस अशा वेळी टाकी अर्धीच भरतो.

माती कोरडी आणि घट्ट असेल तर हा फरक बराच आटतो. डांबरी रस्त्यावर तर दहा टनांची ट्रॉली सपाटीवर ओढायला दोन-अडीचशे किलोची ओढ पुरते, ती ४५ एचपीच्या ट्रॅक्टरची मागची दोन चाकं सहज देतात. माती भुसभुशीत करणाऱ्या रोटाव्हेटरचंही तसंच. त्याची पाती चाकांच्याच दिशेने फिरतात आणि ट्रॅक्टरला मागून पुढे रेटतात. त्याला ओढ कमी, पीटीओची (अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्याची) ताकद जास्त लागते. ऊसवाहतूक आणि रोटाव्हेटर एवढंच काम असेल, तर माझ्या मते टू-व्हील घ्यावा.

नांगरटीला ओढ कमी पडत असेल तर आधी स्वस्तातले उपाय करून बघावेत. मागच्या ट्यूबमध्ये पाऊण भाग पाणी भरलं की १३.६-२८ मापाच्या दर टायरला दीडशे किलोच्या आसपास वजन वाढतं. एकच चाक गरागरा फिरत असेल तर मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणाऱ्या डिफरन्शियल लॉकचा पेडल दाबायचा, मात्र तेव्हा वळायचं नाही. भातखाचरात चिखलणीला केज व्हील, म्हणजे लोखंडी पिंजऱ्याची चाकं, आहेतच. द्राक्षबागेत मात्र वजन वाढवून चालत नाही, मुळांजवळची माती दाबली जाते.

फोर-व्हीलचे नखरेही आहेत. पुढची लहान चाकं गिअरच्या हिशेबाने मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने पळवलेली असतात. मातीत ती थोडी घसरतात आणि हा फरक जिरतो. डांबरावर जिरायला जागा नाही, म्हणून टायर झिजतात आणि गिअरवर ताण येतो. सडकेला लागलं की फोर-व्हीलचा लिव्हर काढायचा. पुढचा टायर बदलताना वेगळ्या मापाचा घातला तरी हाच त्रास. अपवाद भरल्या ट्रॉलीसह उताराचा: बहुतेक ट्रॅक्टरना ब्रेक मागच्याच चाकांना असतात, फोर-व्हील लावलं की पुढची चाकंही रोखायला मदत करतात. आणि भिजलेली काळी माती टायरच्या खाचांत गच्च बसली की चारही चाकं गुळगुळीत होतात. तेव्हा फोर-व्हीलही रुततो, आणि तोपर्यंत बराच आत गेलेला असतो.

डेमो मागायचा तर शोरूमच्या आवारात नको, पाणी दिलेल्या आपल्याच रानात मागा. मागच्या टायरवर खडूने खूण करा. अवजार उचलून चाकाचे दहा फेरे होईपर्यंत किती अंतर कापलं ते मोजा, मग अवजार लावून पुन्हा मोजा. आधी ४० मीटर आणि नंतर ३४ भरलं, तर घसरण १५ टक्के. नांगरटीला एवढी चालते. २५-३० टक्के भरली तर डिझेल चाक फिरवण्यातच जातंय. तिथे वजन वाढवूनही आकडा खाली येत नसेल, तर लाखभर रुपये जास्त मोजायला हरकत नाही.