इश्यूंची यादी, पुल रिक्वेस्टचा घोळ आणि एजंटसाठी लिहायचं डॉक्युमेंटेशन

इश्यूंची (म्हणजे नोंदवलेल्या बग आणि कामांची) यादी देणाऱ्या टूलचं वर्णन एआय एजंटसाठी, म्हणजे स्वतःहून टूल चालवणाऱ्या एआय प्रोग्रामसाठी, कसं लिहायचं यावर सध्या जी डोकेफोड चाललीय, तिचं मूळ एआयमध्ये कमी आणि गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवरच्या एका जुन्या निर्णयात जास्त आहे. त्याआधीचं थोडक्यात उरकतो. बगांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी, म्हणजे ट्रॅकरपैकी, बगझिला १९९८ चं, जीरा २००२ चं. दोन्हीकडे माणूस फॉर्म भरणार, यादी बघणार, चुकलं की फिल्टर बदलून परत बघणार, त्यामुळे यादीच्या बटणाला वेगळं डॉक्युमेंटेशन लागतं असं कोणाच्या गावीही नव्हतं. बगझिलात एक गोष्ट मात्र चांगली होती, बग बंद झाला म्हणजे नेमकं काय झालं हे वेगळ्या खान्यात असायचं: दुरुस्त केला, करणारच नाही, डुप्लिकेट, किंवा ते सुप्रसिद्ध 'माझ्याकडे तर चालतंय'. गिटहबने सगळं उघडं आणि बंद एवढ्यावर आणून ठेवलं. बंद करण्याचं कारण नोंदवायची सोय यायला २०२२ उजाडलं, त्यामुळे त्याआधीच्या बंद इश्यूंवरून 'किती बग सुटले' असं एजंटला विचारलं तर तो सुटलेले आणि नुसते कंटाळून बंद केलेले एकाच पोत्यात भरतो.

आता तो निर्णय. पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा हा कोडबदल तुमच्यात घ्या' अशा विनंत्या, २००८ मध्ये आल्या, इश्यू २००९ मध्ये, आणि पुढे दोघांना एकाच नंबरांच्या माळेत ओवलं. रेस्ट एपीआयमध्ये, म्हणजे प्रोग्रामने गिटहबकडून माहिती मागवायच्या एका वाटेत, तर सरळ नियमच झाला की प्रत्येक पुल रिक्वेस्ट हा इश्यू आहे, उलट मात्र नाही. म्हणजे रेपोचे (एका प्रकल्पाच्या कोडच्या साठ्याचे) इश्यू मागितले की पुल रिक्वेस्टही येणार, त्या ओळखायच्या कशा तर नोंदीत 'पुल_रिक्वेस्ट' नावाचा खाना आहे का ते बघा. या बाजूने बोलणारे म्हणतात की लेबल, असाइनी, माइलस्टोन, कॉमेंट सगळं सारखंच आहे मग दोनदा कशाला लिहायचं, आणि एक नंबर टाकला की जे असेल ते उघडतं हे सोयीचंच आहे. हे म्हणणं काही चुकीचं नाही, पण ते लिहिणाऱ्याच्या सोयीचं झालं. वाचणाऱ्याचं काय? ज्या रेपोत डिपेंडन्सी (वापरलेल्या बाहेरच्या लायब्ररी) अपडेट करणारे बॉट दिवसरात्र पुल रिक्वेस्ट ओततायत तिथे ३० नोंदींच्या पहिल्या पानात २८ पुल रिक्वेस्ट सहज निघू शकतात, त्या गाळल्या की उरले दोन इश्यू, आणि पुढचं पान मागवायचं एजंटला सुचलं नाही तर तो शांतपणे सांगणार की दोनच इश्यू उघडे आहेत. रेपोच्या माहितीत उघड्या इश्यूंचा जो आकडा येतो त्यातही पुल रिक्वेस्ट धरलेल्या असतात, त्यामुळे तिथून पडताळायला गेला तरी पंचाईतच.

मेख अशी की नंतर आलेल्या ग्राफक्यूएल एपीआयमध्ये, म्हणजे माहिती मागवायच्या दुसऱ्या वाटेत, इश्यू आणि पुल रिक्वेस्ट वेगळे आहेत. घर एकच, दारं दोन, प्रश्न तोच आणि उत्तरं वेगळी. डॉक्युमेंटेशन दोन्हीकडे अचूक आहे, पण अचूक असणं आणि वाचणाऱ्याला वेळेवर सापडणं यात फरक आहे, आणि यादीत पुल रिक्वेस्टही येतात ही टीप माणसाला एकदा ठेच लागल्यावर सापडते. एजंटला ठेच लागली हेच कळत नाही.

२०२० मध्ये गिटहबचं टर्मिनलवरचं, म्हणजे कमांड टाइप करून वापरायचं, टूल आलं. त्यातली 'जीएच इश्यू लिस्ट' ही कमांड पुल रिक्वेस्ट दाखवत नाही, हे बरं झालं. डिफॉल्ट मर्यादा, म्हणजे वेगळं काही न सांगितल्यास, ३० नोंदींची. माणसाने टर्मिनलवर चालवली की यादीच्या डोक्यावर एक ओळ येते, एकूण इतक्यांपैकी ३० दाखवतोय अशी. पण आउटपुट दुसऱ्या प्रोग्रामकडे वळवलं की टूल ती ओळ गाळतं आणि नुसत्या टॅबने वेगळ्या केलेल्या ओळी देतं. स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांसाठी हे अगदी योग्य होतं, त्यांना वरची सजावट नकोच होती. एजंट मात्र बहुतेक वेळा याच वळवलेल्या आउटपुटवर बसलेला असतो, म्हणजे यादी अर्धवट आहे हे सांगणारी एकमेव ओळ नेमकी ज्याला गरज आहे त्याच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून आता एजंटसाठी लिहिणारे पहिल्याच वाक्यात टाकतात: ३० आल्या म्हणजे संपल्या असं समजू नका, लिमिट वाढवा.

जून २०२३ मध्ये एका मोठ्या मॉडेल कंपनीने फंक्शन कॉलिंग, म्हणजे मॉडेलने टूल मागवायची सोय, आणलं आणि टूलचं वर्णन थेट मॉडेलच्या पुढ्यात जायला लागलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एजंटला टूल जोडायची सामायिक पद्धत, आला, मग तर जो तो आपापल्या ट्रॅकरचा सर्व्हर काढून मोकळा झाला. बऱ्याच जणांनी जुन्या एपीआयची एकेका ओळीची वर्णनं उचलून तशीच चिकटवली. 'सिन्स' (तेव्हापासून) हा यादी गाळायचा पॅरामीटर घ्या. नावावरून वाटतं त्या तारखेनंतर उघडलेले इश्यू मिळतील, मिळतात त्यानंतर बदललेले. सोमवारपासूनचे नवे बग मागितले तर चार वर्षांपूर्वीचा इश्यूही येतो कारण मंगळवारी कोणीतरी त्यावर 'प्लस वन' (माझंही हेच) अशी कॉमेंट टाकलेली असते. वर्णनात चार शब्द जास्त घातले असते तर हे टळलं असतं. पण प्रत्येक टूलचं वर्णन संभाषणात कायम जागा अडवून बसतं, तेव्हा शब्द वाचवणारे आणि शब्द घालणारे यांची जुंपलेली आहेच. माझं मत घालणाऱ्यांच्या बाजूने, निदान डिफॉल्टच्या बाबतीत तरी. गिटहबच्याच प्रोटोकॉल सर्व्हरमधलं यादीचं टूल २०२५ मध्ये रेस्टवरून ग्राफक्यूएलवर गेलं आणि स्टेट (उघडे की बंद) न दिल्यास पूर्वी फक्त उघडे यायचे तिथे आता उघडे-बंद दोन्ही यायला लागले. टूलचं नाव तेच, त्यामुळे वर्णनातलं ते एक वाक्य वाचलं नाही तर कळायला मार्गच नाही.

२०२५ च्या मार्चमध्ये प्रोटोकॉलमध्ये 'हे टूल फक्त वाचतं' असं सांगणारी खूण आली आणि यादीच्या टूलला ती लागणं साहजिकच होतं. मे महिन्यात काही सुरक्षा संशोधकांनी दाखवून दिलं की सार्वजनिक रेपोत एक खोडसाळ इश्यू टाकून ठेवला आणि कोणी एजंटला 'जरा इश्यू बघ' म्हणालं, की त्या इश्यूतला मजकूर सूचना समजून एजंट खाजगी रेपोतली माहिती बाहेर काढू शकतो. टूलने वाचण्यापलीकडे काही केलं नव्हतं, जे केलं ते त्यानंतर दुसऱ्या टूलने. तेव्हापासून इश्यूचा मजकूर परक्याने लिहिलेला डेटा आहे, आज्ञा नाही, असं वर्णनातच लिहायची पद्धत पडत चाललीय. मॉडेल ते दरवेळी पाळेलच याची खात्री मात्र कोणी देत नाही, म्हणून टोकनला (एजंटच्या प्रवेशाच्या किल्लीला) एकाच रेपोची परवानगी द्या हा जुनाच सल्ला त्याच्या शेजारी छापावा लागतो.