भट्टीत आक्रसणारं मेडल

दांडिया बाजारातल्या आमच्या एका काकांना जुनी नाणी जमवायचा नाद आहे. परवा त्यांनी एक पांढरं मेडल हातावर ठेवलं आणि बजावलं, "हस्तिदंत आहे, जपून!" उलटून पाहिलं तर एकमेकींना छेदणाऱ्या दोन इवल्या तलवारी. ही तर जर्मनीतल्या माइसनच्या कारखान्याची खूण. हस्तिदंत कसलं, हे पोर्सलीन, म्हणजे उंची चिनी माती! ड्रेस्डेन शहराचं झेंपर ऑपेरागृह १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री सुरू झालेल्या बॉम्बहल्ल्यात जळालं आणि १३ फेब्रुवारी १९८५ ला पुन्हा उघडलं, त्याचं हे स्मृतिचिन्ह.

"एवढं बारीक कोरलं कुणी?" काकांनी विचारलं. खरं तर बारीक काम भट्टीनेच केलंय. ४० मिलिमीटरच्या मेडलचा साचा असतो जवळजवळ ४८ मिलिमीटरचा! भाजताना पोर्सलीन सगळ्या बाजूंनी सुमारे एक-षष्ठांश आक्रसतं, म्हणजे घनफळ चाळीस टक्क्यांहून जास्त घटतं. इमारतीचे खांब, खिडक्या, अक्षरं, सगळं त्याच प्रमाणात लहान होतं.

हे होतं कसं? मिश्रण ढोबळमानाने निम्मं काओलिन (पांढरी चिकणमाती), पाव फेल्डस्पार (वितळून काच होणारं खनिज), पाव क्वार्ट्झ (गारगोटी). ५५० अंशांच्या आसपास काओलिनच्या स्फटिकात बांधलेलं पाणी निघून जातं. ११५० च्या पुढे फेल्डस्पार वितळू लागतो आणि हा दाट काचरस कणांमधल्या फटींत शिरतो. पृष्ठताणामुळे तो कणांना एकमेकांकडे ओढतो, पोकळ्या मिटत जातात. मग सगळंच वितळून चपटं का होत नाही? कारण तोवर काओलिनपासून म्युलाइट नावाच्या खनिजाचे सुईसारखे स्फटिक तयार होतात आणि काचेत गुंतून सांगाडा उभा करतात, आरसीसीतल्या सळयांसारखा. १४०० अंशांना काच मऊ असते, तरी अक्षरं जागची हलत नाहीत. मात्र माती साच्यात दाबताना एका बाजूला जास्त घट्ट बसली, की ती बाजू कमी आक्रसते आणि मेडल वाकडं होतं.

युरोपात ही विद्या ज्याच्या हाती लागली, तो किमयागार बॉटगर सोनं बनवतो म्हणून जर्मनीतल्या सॅक्सनीच्या शासकाने कोंडून ठेवला होता. सोनं कधीच झालं नाही. १७०८ मध्ये झालं ते पोर्सलीन, तेही चिर्नहाउससारख्या जाणकाराच्या साथीने, माती आणि तापमान पुन्हापुन्हा तपासून. दागिने दुप्पट करून देणाऱ्या बाबांपुढे आजही रांगा लावणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

काकांच्या मेडलला ग्लेझ, म्हणजे वरून काचेचा चकचकीत लेप, नाही, तरी त्यावर ठेवलेला पाण्याचा थेंब आत मुरला नाही. कुल्हडच्या तुकड्यावर ठेवलेला बघताबघता गडप झाला.