लेझरने गेलेली दृष्टी परत येते का?

‘वयोमानामुळे डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग झिजला, तरी एकदा लेझर केले की पूर्ववत दिसू लागते’, असा संदेश अनेक वर्षे फिरतो आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर केलेल्या लेझरने अनेकांना खरोखरच स्वच्छ दिसू लागते, त्यामुळे हा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु तेथे कृत्रिम भिंगामागचा गढूळ पापुद्रा उघडला जातो, पडद्यावर उपचार होत नाही.

पडद्याचा मध्यभाग झिजण्याच्या या विकाराचे कोरडा आणि ओला असे दोन प्रकार आहेत. कोरड्या प्रकारात मध्यभागातील पेशी हळूहळू नष्ट होतात आणि लेझरने त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. ओल्या प्रकारात पडद्याखाली वाढलेल्या नाजूक रक्तवाहिन्या पाझरतात; उष्ण लेझर त्या बंद करू शकतो, मात्र जेथे तो पडतो तेथील पडदाही भाजून कायमचा अंध ठिपका उरतो. म्हणूनच आता या प्रकारात मुख्य उपचार डोळ्यात दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांचा आहे, आणि ती लवकर सुरू होणे फार महत्त्वाचे असते.

आपला प्रकार कोणता, हे ओसीटी तपासणीचा (पडद्याच्या थरांची प्रतिमा घेणारी तपासणी) अहवाल समोर ठेवून डॉक्टरांना विचारावे. घरी वाचनाचा चष्मा लावून, एकेक डोळा झाकून, चौकटींच्या कागदाकडे पाहावे. रेषा अचानक वाकड्या दिसू लागल्यास नेत्रतज्ज्ञांकडे विनाविलंब जावे.