स्ट्रॉफ्लॉवर: अर्धं उमललेलं तोडा

कागदी फूल म्हटलं की आपल्याकडे बोगनवेलच दाखवतात. हे ते नव्हे. स्ट्रॉफ्लॉवर मूळचं ऑस्ट्रेलियाचं, वाळवून सजावटीत वापरायचं फूल. पाकळ्या वाटतात ती कोरडी, चिवट पानंच. खरी फुलं मधल्या पिवळ्या चकतीत असतात.

बी घटस्थापनेच्या सुमारास ट्रेमध्ये टाका. उगवायला उजेड लागतो, म्हणून मातीने झाकू नका. हलकं दाबून फवाऱ्याने पाणी द्या. रोपं ४-६ पानांची झाली की, साधारण दिवाळीच्या आसपास, ३० सेंमीवर लावा. संक्रांतीच्या आगेमागे फुलं सुरू होतात. उन्हाळा तापला की झाड थकतं.

काळ्या जमिनीत सपाट वाफा नकोच. पाणी साचलं की मुळं कुजतात. गादीवाफा करा, शेणखत आणि भरड वाळू मिसळा. युरियाचा हात आखडता ठेवा, नाहीतर झाड नुसतं उंच वाढून लोळतं. चुनखडीच्या जमिनीत कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर ती लोहाची कमतरता. १ लिटर पाण्यात आधी १-२ ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, मग ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून संध्याकाळी फवारा. सायट्रिक विसरलात तर बोअरच्या जड पाण्यात द्रावण तांबूस होतं; ते मारून उपयोग नाही.

सगळ्यात जास्त माल तोडणीत वाया जातो. बाहेरच्या दोन-तीन ओळी उघडल्या आणि मधला भाग अजून मिटलेला असला की फूल तोडा, तेही दव उडाल्यावर. फूल वाळतानाही उमलत राहतं. पूर्ण उमललेलं तोडलं तर पाकळ्या मागे वळतात, मधली चकती उघडी पडून झडते. दिसायला देखणं म्हणून एक दिवस थांबणं इथे महागात पडतं.

वाळल्यावर देठ मान टाकतो. त्यामुळे तार ताज्या फुलालाच घाला: देठ २ सेंमी ठेवून २२ गेजची तार खालून बुडात खुपसा, वरून बाहेर येऊ देऊ नका. फूल सुकताना आकसून तार आवळून धरतं. सुकल्यावर तार घालायला गेलात तर बूड तडकतं. देठासकट हवी असतील तर पानं काढून ८-१० फुलांची जुडी रबराने बांधा (सुतळी देठ आकसल्यावर सैल होते) आणि अंधाऱ्या, हवेशीर खोलीत दोन-तीन आठवडे उलटी टांगा. पत्र्याखालच्या उन्हात रंग उडतो.

पावसाळ्यात सजावटीतली फुलं मिटलेली दिसली तर फेकू नका. दमट हवेत ती मिटतात, हवा कोरडी झाली की पुन्हा उघडतात.