शिळी माहिती काढायची कशी? नॉलेज ग्राफच्या छाटणीची पार्श्वभूमी

2023 साली औरंगाबादचं अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर झालं. एआय एजंट, म्हणजे स्वतःहून कामं करणारे एआय प्रोग्राम, आपली माहिती नॉलेज ग्राफमध्ये ठेवतात: माणसं, गावं, वस्तू म्हणजे 'नोड', आणि त्यांना जोडणारे दुवे. अशा ग्राफमध्ये हा बदल करताना जुनं नाव पुसायचं का? पुसलं, तर आधीचे कागद, पत्ते, निकाल त्या शहराशी जोडायचे कसे? ठेवलं, तर एजंट आजच्या पत्रावर जुनं नाव छापून मोकळा. एजंटांच्या मेमरीची चर्चा अलीकडची असली, तरी या पेचाची उत्तरं बऱ्याच आधीपासून शोधली जात आहेत.

1960 मध्ये लिस्प या प्रोग्रामिंग भाषेचे जनक जॉन मॅकार्थी यांनी संगणकाची मेमरी आपोआप मोकळी करण्याची रीत मांडली. मुळापासून दुव्यादुव्याने जिथवर पोचता येईल तेवढं राखायचं, उरलेला सगळा कचरा. ही रीत सुरक्षित आहे, कारण जिथे पोचताच येत नाही ते प्रोग्रामला पुन्हा लागू शकत नाही. ज्ञानाचं तसं नसतं. एकट्या पडलेल्या नोडची उद्या गरज पडू शकते आणि शंभर दुव्यांनी बांधलेलं विधान साफ खोटं असू शकतं. 'अनाथ नोड उडवा' असा नियम सरसकट लावला की नेमका हाच फरक सुटतो.

खरी उडी 1979 ची. एमआयटीतल्या जॉन डॉइल यांच्या ट्रुथ मेंटेनन्स सिस्टिममध्ये प्रत्येक विधानासोबत ते कशाच्या आधारावर मानलं, याचीही नोंद असे. आधार गेला की विधान पुसलं जात नसे, ते 'बाहेर' जाई. आधार परत मिळाला की पुन्हा 'आत'. माझ्या मते या सगळ्या इतिहासात इतकी मोलाची आणि इतकी दुर्लक्षित कल्पना दुसरी नाही. दुर्लक्ष का झालं तेही उघड आहे: आधार टिपायला जागा लागते, वेळ लागतो आणि शिस्त तर फारच लागते.

ती शिस्त नसली की काय होतं, हे कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'नेल' प्रणालीत दिसलं. 2010 पासून वेब वाचून स्वतःच तथ्यं गोळा करणाऱ्या या प्रणालीने 'इंटरनेट कुकीज' हा बेकरीचा पदार्थ ठरवला. लोक कुकीज डिलीट करतात, फाइल्सही डिलीट करतात. मग फाइल्सही बेकरीत जाऊन बसल्या. अशा वेळी मूळ चूक काढून भागत नाही, तिची पिलावळही शोधावी लागते. त्यासाठीची एक रीत 1993 मध्येच गुप्ता, मुमिक आणि सुब्रह्मण्यन यांनी डेटाबेससाठी दिली होती. आधी संशयित सगळं काढायचं, मग त्यातलं जे दुसऱ्या वाटेने सिद्ध होतं ते परत आणायचं.

काढलेलं पुन्हा उगवतं, ही आणखी एक डोकेदुखी. झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातल्या मंडळींनी 1987 मध्ये तिच्यावर लिहिलं: डेटाबेसच्या एका प्रतीतून पुसलेली नोंद दुसऱ्या प्रतीतून परत येते, म्हणून पुसल्याचा 'मृत्यूचा दाखला' सगळीकडे पाठवायचा. कॅसँड्रा डेटाबेस अशी खूण, सेटिंग बदललं नसेल तर, 10 दिवस सांभाळतो. एजंटांच्या बाबतीत तर हे फारच लागू पडतं. रात्री काढलेली माहिती एजंट सकाळी जुनी पीडीएफ वाचून पुन्हा भरून ठेवतो. 2012 मध्ये सुरू झालेल्या विकिडेटाने, म्हणजे विकिपीडियाच्या भावंड असलेल्या खुल्या माहितीसंग्रहाने, म्हणूनच चुकीच्या विधानांना 'बाद' असा दर्जा देऊन जागेवर ठेवायची सोय केली, म्हणजे तीच चूक पुन्हा कोणी भरत नाही.

2023 च्या सुमारास भाषा-मॉडेलवर चालणारे एजंट आले आणि छाटणीसाठी वय हा सोपा निकष पुढे आला. 'मेमरीबँक'सारख्या प्रयोगांनी मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसच्या 1885 च्या विस्मरण-वक्राचा, म्हणजे काळानुसार आठवण कशी पुसट होते याच्या आलेखाचा, आधार घेतला. गप्पांसाठी ते ठीक. पण रक्तगट वर्षभर कोणी विचारला नाही म्हणून तो शिळा होत नाही. औषधाचा डोस कालच बदलला असेल, तर परवाची नोंद आज घातक. एजंटांसाठी नॉलेज ग्राफ बनवणाऱ्या 'ग्राफिटी'सारख्या साधनांनी मग टेम्पोरल, म्हणजे काळाची नोंद ठेवणाऱ्या, डेटाबेसमधली जुनी युक्ती उचलली. गोष्ट जगात कधीपासून कधीपर्यंत खरी होती, हा एक काळ. आपल्याला ती कधी कळली, हा दुसरा. नवी माहिती आली की जुन्या दुव्याला शेवटची तारीख लागते, दुवा राहतो. औरंगाबादचा पेच असाच सुटतो.

पण तारीख लावून सगळीकडे भागत नाही. मे 2018 पासून लागू झालेला युरोपचा डेटा संरक्षण कायदा जीडीपीआर आणि भारताचा 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, दोन्ही व्यक्तीला आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क देतात. तिथे खरंच पुसावं लागतं, आणि त्या माहितीवरून एजंटाने काढलेले निष्कर्षही तपासावे लागतात. ते सापडायचे तर डॉइल यांच्या आधार-नोंदी हव्यात. शिवाय ती माहिती परत येऊ नये म्हणून मृत्यूचा दाखला ठेवायचा, तर त्या दाखल्यातून ती व्यक्ती ओळखता येता कामा नये.