अंत्यगट-रूपांतरण (बहुवारिकांचे)

संश्लेषित बहुवारिकाच्या (पॉलिमराच्या, म्हणजे लहान रेणू जोडून बनलेल्या दीर्घ रेणूच्या) साखळीच्या एका किंवा दोन्ही टोकांवरील रासायनिक गट, मधल्या साखळीस धक्का न लावता, बदलण्याची क्रिया. टोके मुळातच थोडी असतात: 10,000 रेणुभाराच्या रेषीय बहुवारिकाच्या 10 ग्रॅममध्ये ती 2 मिलिमोल भरतात आणि रेणुभार दहापट झाला की त्याच्या दहावा हिस्सा उरतात. बदललेल्या व न बदललेल्या साखळ्या नंतर वेगळ्या करणे बहुधा जमत नसल्यामुळे विक्रिया जवळजवळ पूर्णत्वास न्यावी लागते.

या पद्धतीचा आरंभ कोठून धरावा, याविषयी मतभेद संभवतात. मायकेल श्वार्त्स यांनी 1956 मध्ये वर्णिलेल्या ‘जिवंत’ ऋणायनी बहुवारिकीकरणाशी (ऋण विद्युत्भारित टोके क्रियाशील राहून साखळी वाढण्याच्या क्रियेशी) तो बऱ्याचदा जोडला जातो. सोडियम नॅप्थॅलीनच्या हिरव्या विद्रावात स्टायरीन घालताच विद्राव लाल होतो आणि हवा व पाणी दूर ठेवल्यास एकवारिक (साखळीत जोडला जाणारा लहान रेणू, येथे स्टायरीन) संपल्यावरही तो रंग टिकतो. म्हणजे टोके क्रियाशील राहिलेली असतात. त्यांवर एथिलीन ऑक्साइडाची व नंतर आम्लाची क्रिया केल्यास हायड्रॉक्सिल गट, तर कार्बन डाय-ऑक्साइडाने कार्बॉक्सिल गट मिळतो. मात्र दुसऱ्या विक्रियेत काही साखळ्या कीटोन गटामार्फत एकमेकींस जोडल्या जातात. तथापि हेर्मान श्टाउडिंगर यांनी 1920 च्या दशकातच ॲसिटिल व मिथिल गटांनी टोके बंद केलेली पॉलिऑक्सिमिथिलिने (फॉर्माल्डिहाइडाची बहुवारिके) अभ्यासली होती. बहुवारिकांत अंत्यगट सापडत नाहीत, तेव्हा ती वलयाकार असावीत, असा तर्क त्या काळी मांडला जाई. त्यामुळे टोकांचे रसायन दीर्घ साखळ्यांच्या सिद्धांताचा एक महत्त्वाचा आधार ठरले. आरंभाचे श्रेय या कार्याकडे देणे अधिक सयुक्तिक दिसते.

उद्योगातील ठळक उदाहरणही पॉलिऑक्सिमिथिलिनाचेच आहे. त्याच्या मुक्त हायड्रॉक्सिल टोकापासून उष्णतेने फॉर्माल्डिहाइडाचा एकेक रेणू सुटत जातो आणि विणकामाचा धागा ओढावा तशी साखळी उसवते. सुमारे 175° से.ला वितळणारा हा पदार्थ साच्यात घालणे त्यामुळे अशक्य होते. ॲसिटिक ॲनहायड्राइडाच्या क्रियेने टोकांवर ॲसिटेट गट आले की उसवण्यास तेथून सुरुवात होत नाही. अशा स्थिरीकृत बहुवारिकाचे ‘डेलरिन’ या नावाने उत्पादन ड्यूपाँट कंपनीने 1960 च्या सुमारास सुरू केले. हे संरक्षण टोकांपुरतेच असते: ऑक्सिडीकरणाने किंवा आम्लाने साखळी मध्येच तुटली, तर नवी असंरक्षित टोके निर्माण होतात, म्हणून प्रतिऑक्सिडीकारके घालावीच लागतात.

नियंत्रित मूलक-बहुवारिकीकरणात (अयुग्मित इलेक्ट्रॉन असलेल्या टोकावरून साखळी नियंत्रितपणे वाढवण्याच्या क्रियेत) अंत्यगट वापरलेल्या पद्धतीतूनच येतो. अणुस्थानांतर पद्धतीतील ब्रोमीनयुक्त टोकाचे सोडियम ॲझाइडाने ॲझाइडात रूपांतर करून ते ताम्र-उत्प्रेरित विक्रियेने अल्काइनाशी जोडता येते. डायथायोबेंझोएटयुक्त गुलाबी बहुवारिकावर प्राथमिक अमाइनाची क्रिया केली की रंग जातो व थायॉल टोक उरते. हवा लागल्यास मात्र दोन थायॉले डायसल्फाइड बंधाने जुळून काही साखळ्यांचा रेणुभार दुप्पट होतो.

औषधक्षेत्रात एक टोक मिथॉक्सी गटाने बंद असलेले पॉलिएथिलीन ग्लायकॉल वापरतात. त्याचे दुसरे टोक सायन्यूरिक क्लोराइडाने क्रियाशील करून 1977 मध्ये प्रथिनांना जोडण्यात आले. दोन्ही टोके क्रियाशील ठेवल्यास प्रथिनांचे रेणू एकमेकांत गुंतण्याचा संभव असतो.