पांडवलेण्यातला व्याजाचा हिशेब

नाशिकच्या पांडवलेण्याच्या पायऱ्या चढून दहाव्या लेण्यात गेलं की बहुतेकांची नजर खांबांवर जाते. मी मात्र दर वेळी व्हरांड्याच्या भिंतीवरची ब्राह्मी अक्षरं शोधतो. सुमारे १९०० वर्षांपूर्वी क्षत्रप (शक राजवटीतला राज्यकर्ता) नहपान याचा जावई उषवदात यानं ती कोरून घेतली. भडोच, मंदसोर, नालासोपारा आणि आपल्या गंगापूर रस्त्यावरचं गोवर्धन, या चार ठिकाणी त्यानं चौसोपी धर्मशाळा बांधून दिल्या, असं तिथे लिहिलंय.

पण नुसतं छप्पर देऊन भागत नाही. अंगावरचं कापड विरतं, पोटाला रोज लागतं. त्याची तजवीजही त्याच लेण्यात वाचायला मिळते.

पावसाळ्यात इथे मुक्काम करणाऱ्या भिक्षूंसाठी उषवदातानं ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. श्रेणी म्हणजे एकाच धंद्यातल्या कारागिरांचा संघ. एकीकडे २०००, दरमहा शेकडा एक व्याजानं; दुसरीकडे १०००, शेकडा पाऊण व्याजानं. आता पहिला आकडा धरा. महिन्याला २०, वर्षाला २४०. भिक्षू २० आणि प्रत्येकाला चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, १२. बारा विसे दोनशे चाळीस. एका कवडीचा फरक नाही! हा गुणाकार पहिल्यांदा जुळला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

मुद्दलाबद्दल लेखाचे शब्द आहेत ‘अपडिदातवा वधिभोजा’. मुद्दल परत करायचं नाही, उपभोगायचं ते फक्त व्याज. दाता गेला, सावकार गेला तरी संघ राहतो, म्हणून ठेव संघाकडे. शिवाय सगळा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवून फलकावर नोंदवला, म्हणजे गावच साक्षीला.

एक धोका तरीही उरतो. नाण्याची किंमत काळाबरोबर घसरते. जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये याकोब फुगर यानं १५२१ मध्ये गरिबांसाठी वसवलेली ‘फुगराय’ ही वसाहत बघा. वर्षाचं भाडं तेव्हा एक गुल्डेन, म्हणजे तिथलं त्या काळचं एक नाणं, ठरलं, ते आजही तेवढंच धरतात, म्हणजे ०.८८ युरो. भाड्यावर विसंबली असती तर वसाहत कधीच उजाड झाली असती. आज तिथे सुमारे १५० गरजू माणसं राहतात, ती विश्वस्त निधीच्या जिवावर, आणि त्या निधीचं मोठं उत्पन्न जंगलांतून येतं. झाडं वाढतात, विकली जातात, पुन्हा लावली जातात.

उषवदाताच्या त्याच लेखात रोकड ठेवीपाठोपाठ आणखी एक दान नोंदवलंय: चिखलपद्र गावातली नारळाची ८००० झाडं.